चुकायची ओळ

विबोल सरांनी प्रशिक्षणात शिकवलेलं कुन्थियाला झोपेतसुद्धा म्हणता आलं असतं. मुलांची नावं वाचनाच्या क्रमानं लिहायची. कागद मधोमध दुमडायचा. वरच्या अर्ध्यातला पहिला आणि खालच्या अर्ध्यातला पहिला, ही एक जोडी. दुसरा आणि दुसरा, ही पुढची. आधी चांगल्या वाचणाऱ्यानं वाचायचं आणि जोडीदारानं ओळीवर बोट ठेवून ऐकायचं, मग अदलाबदल. वाचणारा चुकला की ऐकणाऱ्यानं म्हणायचं, "थांब. शब्द चुकला. पुन्हा बघ." जमलं की म्हणायचं, "बरोबर. ओळ पुन्हा वाच." रागवायचं नाही, हसायचं नाही. धड वाचलेल्या ओळीला एक चिंचोका.

प्रांताच्या गावी पत्र्याच्या सभागृहात थोराड शिक्षक-शिक्षिका गुडघ्याला गुडघा लावून हा खेळ खेळले होते. कुन्थियाच्या जोडीला एक टकले गुरुजी होते. त्यांना एका परक्या बाईनं 'थांब' म्हणायचं म्हणजे काय! पहिल्यांदा ती म्हणाली तेव्हा त्यांचे कान लाल झाले. दुसऱ्यांदा ते हसले. तिसऱ्यांदा त्यांनी खरोखरच शब्द पुन्हा पाहिला. विबोल सर म्हणाले, "बघा, लाज गेली की वाचन आलं."

आता शाळेतल्या बाकीच्या शिक्षकांना शिकवायचं काम कुन्थियाकडे होतं. महिनाअखेरीस विबोल सर स्वतः येणार होते, आजूबाजूच्या शाळांचे शिक्षक घेऊन, तिचा वर्ग बघायला. ती करारावरची बाई. हेडमास्तर फान गुरुजी म्हणाले होते, "एवढं एक नीट पार पडलं ना बाई, की कायम करा म्हणून तुमचं नाव वर पाठवायला मला तोंड राहील."

तिनं कागद दुमडला. वर पहिलं नाव मालिस, तिची स्वतःची लेक, सहा वर्षांची. घडीखाली पहिलं नाव रिथी. तिनं कागद सरळ करून पुन्हा दुमडला. घडी तिथंच पडली.

रिथी नऊ वर्षांचा होता आणि पहिलीच्या बाकावर त्याचे गुडघे मावत नव्हते. अक्षर ओळखायचा, पण अक्षराखाली दुसरं अक्षर लटकलं की त्याची जीभ जागच्या जागी बसायची, चिखलात रेडा बसतो तशी. तो मोक आजोबांचा नातू. मोक आजोबा म्हणजे विहारात सणावाराला गावाच्या पुढे बसून वंदना सांगणारे; गाव त्यांना 'आचार' म्हणे, म्हणजे आचार्य. आणि भाताच्या बांधांवर ओळीनं उभे असलेले ताड त्यांचेच. त्याच ताडांवर कुन्थियाचा नवरा वेस्ना उन्हाळाभर चढायचा. गुळातला तिसरा वाटा मोक आजोबांना, उरलेला घरात. पावसाळ्यात जो भात शिजायचा तो या गुळाच्या पैशावर शिजायचा.

कुन्थियानं कागद तसाच प्रांताला पाठवला.

पहिले काही दिवस वर्गात नुसता गलका. मग हळूहळू गलक्यातून ओळी ऐकू येऊ लागल्या, जसा धुरळा बसल्यावर रस्ता दिसतो. मालिस रिथीला बोंग म्हणायची. वयानं मोठ्याला इथं सगळेच बोंग म्हणतात, बायको नवऱ्यालासुद्धा.

"थांब, बोंग. शब्द चुकला."

"कुठला?"

"तो, ज्याच्या पायाखाली पोरगं बसलंय तो."

"ह्याच्या आईला. सगळ्यांच्या पायाखाली पोरं कशी बसतात गं?"

"शिव्या नाही द्यायच्या. बाई ऐकतायत."

"बाई तुझी आईच आहे."

"म्हणून तर."

रिथी पुन्हा बघायचा. ओठ हलायचे, घामाचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर यायचा. आणि शब्द निघायचा. निघाला की तो स्वतःच दचकायचा. मालिस चिंचोका त्याच्याकडे सरकवायची आणि म्हणायची, "बरोबर. ओळ पुन्हा वाच." त्यानं कधी वाईट मानलं नाही. उलट तो खेळ त्याच्या अंगात भिनला. खिसाभर चिंचोके वाजवत घरी जायचा. वाटेत म्हशीला थांब, कुत्र्याला थांब, विहिरीवरच्या बायकांना थांब.

माघी पौर्णिमेला सगळं गाव विहारात बसलं होतं. डब्यांतून भात-भाज्या आलेल्या, समोर भन्ते, त्यांच्यासमोर मोक आजोबा, हात जोडून, पांढरा सदरा घालून. शील मागायची विनंती तीनदा म्हणायची असते. आजोबांनी एकदा म्हटली, गाव मागे म्हणालं. 'दुतियम्पि' लावून दुसऱ्यांदा म्हटली, गाव मागे म्हणालं. मग त्यांना खोकला आला. खोकून झालं आणि ते थेट पुढच्या वंदनेला लागले.

"थांबा," मागून खणखणीत आवाज आला. "एक ओळ राहिली. पुन्हा म्हणा."

रिथी गुडघ्यांवर उभा होता. चेहरा कसा, एखाद्याचं हरवलेलं वासरू परत आणून दिल्यासारखा.

मग एका बाईला हसू फुटलं, तिनं पंच्यात तोंड खुपसलं, आणि तिच्या शेजारणीला ते आवरलं नाही. तरुण भन्तेंनी खाली बघितलं. त्यांचे खांदे हलत होते. आजोबांनी तिसऱ्यांदा विनंती म्हटली. आवाज कोरडा होता. गाव मागे म्हणालं, पण निम्मं गाव हसत म्हणालं.

रिथीनं वळून मालिसकडे बघितलं आणि चिंचोका मागायला हात पुढे केला.

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत वेस्ना परत आला. कमरेची बांबूची नळकांडी रिकामी. त्यानं ती चुलाणाशेजारी ठेवली, कोयता ठेवला, रस सुटावा म्हणून फुलाचे दांडे दाबायचा लाकडी चिमटा ठेवला. तो खाली बसला. छातीवरची ताडाच्या खोडानं घासून काळी पडलेली कातडी भात्यासारखी वरखाली होत होती.

"चढू नको म्हणाले."

"कोण?" कुन्थियानं विचारलं, तरी तिला ठाऊक होतं.

"खाली उभे होते, काठी घेऊन. मी निम्म्यावर. म्हणाले, उतर. ज्याची पोरगी माझ्या नातवाला थांब म्हणते, त्यानं माझ्या ताडावर कशाला चढायचं? तू पण थांब."

चुलाणावरच्या कढईत कालचा रस होता. वेस्नाची आई उलथणं फिरवत होती. तिचे हात थांबले नाहीत. ती ढवळताना नेहमी गुणगुणायची:

उंच उंच ताडावरी लेक चढे माझा,
रस सारे मोजती बाई, घाम कुणी मोजा.

आज तिनं गाणं गिळलं आणि म्हणाली, "दांडे दोन दिवस कापले नाहीत तर तोंड मिटून घेतात. तिसऱ्या दिवशी वाळतात. मग वर्षभर ताडाकडे बघत बसा."

"मला ठाऊक आहे, आई."

"तुला ठाऊक आहे गं. तुझ्या त्या सरांना ठाऊक आहे का?"

वेस्ना बायकोकडे न बघता म्हणाला, "दुसरं पोर लाव त्याच्या जोडीला. काय अडतंय?"

"यादी गेलीय, बोंग. सर तीच जोडी बघणार. पहिली जोडी."

"मग जा. पाया पड. मी पडलो, माझा नमस्कार घेतला नाही त्यांनी."

ती आधी फान गुरुजींकडे गेली. फान गुरुजींनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि पुसतच राहिले. "मोक आजोबांचं मन राखा, बाई. शाळेची विहीर त्यांनी खोदून दिलीय. आणि विबोल सरांचंही राखा. मला मधे घेऊ नका." 

मोक आजोबांच्या घराखाली, खांबांच्या सावलीत, लाकडी बाजेवर ते बसले होते. बायको खाली सुपारी कातरत होती. कुन्थियानं हात जोडून डोकं वाकवलं.

"बस. चटई धुवायला टाकलीय, जमिनीवरच बस."

चटई तिच्यासमोर खांबाला टेकून उभी होती, कोरडी. ती पाय एका बाजूला दुमडून मातीवर बसली. शाळेचा काळा सारोंग. मागे धूळ लागणार हे तिला कळत होतं.

"आजोबा, लेकरानं मुद्दाम नाही केलं. वर्गातला खेळ आहे तो. त्याला वाटलं, तुम्हाला मदत केली."

"मदत." त्यांनी शब्द चावला. "वंदना म्हणून माझे केस पांढरे झाले. भन्तेंच्या देखत बायका हसल्या मला. शेजारच्या गावात पोचलं ते. आज नांगराचा फाळ घ्यायला गेलो तर लोहार म्हणतो, आजोबा, थांबा, पुन्हा म्हणा."

"पण राहिली होती ना ओळ," बायको सुपारीकडे बघत म्हणाली.

"तू कातर."

"कातरतेच आहे."

कुन्थिया म्हणाली, "मी त्याला दुसऱ्या जोडीत घालते. मालिसनं माफी मागितली तर..."

"म्हणजे गावाला सांगायचं, मोकचा नातू काढला? ताडावर चढणाऱ्याच्या पोरीच्या बरोबरीचा नाही म्हणून?" काठीचं टोक मातीत रुतलं. "जोडी राहील. पाहुणे येतील तेव्हा 'थांब' माझा नातू म्हणेल. तुझी पोरगी ऐकेल. ती म्हणायची नाही."

"अदलाबदल असते, आजोबा. त्यालाही वाचावं लागतं."

"वाचेल की. चुकलाच नाही तर ती कशाला थांब म्हणेल?"

"त्याला अजून जोडाक्षरं नीट..."

"पाठ करून घे त्याच्याकडून ते पान. कानाचा पक्का आहे तो. एक ओळ राहिली तर कळतं त्याला." म्हणताना त्यांच्या आवाजात अभिमान सांडला, आणि तो सांडला म्हणून ते अधिकच चिडले. "रोज दुपारी इथं ये. पान पाठ झालं की वेस्नाला म्हणावं चढ."

"तोवर दांडे वाळतील."

"मग लवकर पाठ करून घे."

त्या दुपारी ती तिथंच बसली. रिथीला पुस्तक दिलं. त्यानं बोट ठेवलं, पहिला शब्द सोडवला, दुसऱ्याशी झटापट सुरू केली.

"असं नको," ती म्हणाली. "मी म्हणते, तू मागे म्हण."

"पण बाई, हा येतोय मला. थांबा ना. 'क'च्या खाली..."

"मागे म्हण, रिथी."

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग बाजेवर डोळे मिटून पडलेल्या आजोबांकडे बघितलं. बोट पानावरून उचललं आणि मांडीखाली घातलं. कुन्थियानं ओळ म्हटली. त्यानं ओळ म्हटली. गोष्ट एका बदकाची होती, ते तळ्यात आपल्या पिल्लांना शोधतं. रिथीच्या तोंडी ते बदक विहारातल्या वंदनेसारखं सुरात चालू लागलं. तिसऱ्या दुपारी पान संपूर्ण आलं. आजोबांनी बाजेवरून एक हात हलवला, माशी हाकलावी तसा. एवढ्यावरून समजायचं.

वेस्ना दुसऱ्या पहाटे चढला. निम्म्या ताडांचे दांडे वाळून काथ्या झाले होते. उरलेल्यांच्या तोंडावर त्यानं कोयत्यानं पातळ चकत्या काढल्या, चिमट्यानं दाबलं, पुन्हा दाबलं. संध्याकाळी नळकांड्यांच्या तळाशी रस हलला. सासूनं बोट बुडवून चाटलं आणि कुन्थियाकडे मान हलवली. त्या घरात त्याला शाबासकी म्हणत.

आता राहिलं होतं मालिसला सांगणं.

कुन्थिया चुलाणाशी बसून वाळक्या पानांचा जाळ सारत होती. मालिस जवळ चिंचोक्यांचे डाव मांडत होती.

"मालिस, पाहुणे येतील ना, तेव्हा बदकाचं पान वाचायचं."

"मला पाठ आहे ते."

"वाचताना चुकायचं."

"कुठं?"

"तिसऱ्या ओळीत एक शब्द गाळायचा. खालून दुसऱ्या ओळीत 'पाणी'च्या जागी दुसरं काहीतरी म्हणायचं. रिथी थांब म्हणेल. मग बरोबर वाचायचं."

मालिसनं हातातला चिंचोका खाली ठेवला. "मला येत असून?"

"हो."

"मग चिंचोका नाही मिळायचा."

"मी देईन."

"चुकल्याचा?"

आजी उलथणं फिरवत म्हणाली, "बाबा ताडावर चढतात ना, तेव्हा खाली उभ्या माणसाच्या डोक्यावर पाय येतो. तरी मोक आजोबा कधी बोलले नाहीत. मग आपण थोडं खाली वाकायचं, बाळा. एवढंच."

मालिसला ते पटलं की काय कोण जाणे. ती पुस्तक घेऊन आली. वाचायला बसली. तिसऱ्या ओळीपाशी आली आणि शब्द गाळता गाळता तोंडातून निघूनच गेला. "आलाच तो!" ती हसली. आईही हसली. पुन्हा वाचलं, पुन्हा आला. डोळ्यांना दिसलेला शब्द जिभेला धरून ठेवता येईना. पुष्कळ वेळा करून तिला न वाचणं जमलं. जमलं तेव्हा तिनं वर बघून विचारलं, "बरोबर?"

"बरोबर," कुन्थिया म्हणाली. "ओळ पुन्हा वाच."

पाहुणे आले त्या दिवशी वर्ग झाडून, पाणी शिंपडून ठेवला होता. मोटारसायकलींवरून शिक्षक आले, रुमालानं तोंडावरची धूळ पुसत मागच्या भिंतीला उभे राहिले. मोक आजोबा पांढरा सदरा घालून दारात खुर्चीवर बसले. विबोल सर वहाणा बाहेर काढून आत आले आणि थेट पहिल्या जोडीपाशी उकिडवे बसले.

कुन्थियानं टाळी वाजवली. वर्ग वाचू लागला.

मालिस वाचत होती. सावकाश, नितळ. तिसरी ओळ आली. शब्द गळला, अगदी सहज.

"थांब," रिथी म्हणाला. "शब्द चुकला. पुन्हा बघ."

मालिसनं मान खाली घातली. पानाकडे बघितलं, कपाळाला आठी घातली, ओठ हलवले. ती आठी तिला कुणी शिकवली नव्हती. ती रिथीची होती; त्याच्याकडे बघून बघून तिनं उचलली होती. मग शब्द आला.

"बरोबर. ओळ पुन्हा वाच."

विबोल सरांनी भिंतीकडे वळून बघितलं, भुवया उंचावून. दारात खुर्ची करकरली.

अदलाबदल झाली. रिथी मान ताठ करून सुरू झाला. बदक निघालं. आवाज पुढच्या ओळीत आणि बोट मागच्याच ओळीवर. कुन्थियाला ते दिसलं. एका पावलावर उकिडव्या बसलेल्या विबोल सरांनाही दिसलं असतं, पण मालिसनं पुस्तकाची खालची कड चिमटीत धरून पुस्तकच हलकेच वर सरकवलं. ओळ बोटाखाली येऊन बसली. पान संपेपर्यंत ती सरकवत राहिली. रिथीनं पान संपवलं आणि कुणाकडेच बघितलं नाही.

"याला म्हणतात जोडी!" विबोल सर उठत म्हणाले. गुडघे कटकन वाजले. "सहा वर्षांची मुलगी चुकते, मोठा भाऊ न रागावता थांबवतो, आणि ती ऐकते. आपल्या मुलांना हेच शोभतं. मोठ्यानं सांगावं, लहानानं ऐकावं. बाई, तुम्ही आमची पद्धत आपल्या मातीत रुजवलीत." मग शिक्षकांना म्हणाले, "लक्षात ठेवा. जोड्या लावताना वयाकडेही बघा. पुढच्या महिन्यात प्रांतातले सगळे नवे प्रशिक्षक इथं आणतो. हीच जोडी दाखवायची."

भिंतीपाशी उभे असलेले शिक्षक मान डोलावून लिहून घेऊ लागले. त्यांत ते टकले गुरुजीही होते. ते कुन्थियाकडे बघून हसले, आणि तिला वाटलं, यांना तरी कळायला हवं होतं.

तिनं तोंड उघडलं. "सर, ती जोडी..."

"हं?"

दारातून मोक आजोबा बघत होते. त्यांच्या मागे, दूर बांधावर, एका ताडाच्या शेंड्याशी एक काळा ठिपका हलत होता. दुपारची फेरी.

"...दमली असेल," ती म्हणाली. "पाणी पाजते."

जाताना मोक आजोबा तिच्यापाशी थांबले. "मुलगी वळणाची आहे तुझी," ते म्हणाले. खरंच मनापासून म्हणाले.

त्यानंतर वर्गात काहीतरी फिरलं. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पण दुसऱ्या जोडीतली लेक्खना, जी कधी अडायची नाही, तीही आपल्या मोठ्या जोडीदारापाशी अडू लागली. तिसऱ्या जोडीतला मुलगा शब्द गाळू लागला. सगळ्या बाकांवरून "थांब, थांब" ऐकू यायचं, आणि म्हणणारे सगळे थोराड. चिंचोक्यांच्या राशी त्यांच्याच बाजूला वाढायच्या. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, काय अभ्यास चाललाय! रिथी मात्र थांब म्हणायचा तेव्हा खिडकीबाहेर बघून म्हणायचा. नवं पान दिलं की विचारायचा, "बाई, हे म्हणून दाखवणार ना आधी?"

महिना उतरणीला लागला. रविवारी सकाळी वेस्ना बांधावर होता, सासू गूळ घेऊन बाजाराला गेली होती. घरात आणि घराखाली कुणी नव्हतं. कुन्थिया खांबाला टेकून वर्गाच्या वह्या बघत होती. मालिस पोटावर पडून नवी गोष्ट वाचत होती, मोठ्यानं, एकटीच. खारीची गोष्ट होती, कुणीच तिला शिकवलेली नव्हती.

खार झाडावर चढली. खार फांदीवरून धावली. मग एक शब्द गळला आणि वाक्य त्याच्यावरून उडी मारून पुढे गेलं.

कुन्थियानं वहीतून डोकं काढलं नाही. मुलगी मागे येईल म्हणून वाट बघितली. पुढच्या ओळीत आणखी एक शब्द गेला. मालिस तशीच वाचत राहिली, आवाजात अडखळ नाही, कपाळाला आठी नाही.

"मालिस, इथं कोण बसलंय बघायला? आत्ता कशाला चुकतेस?"

मालिस थांबली. बोट पानावर होतं.

"चुकले का गं?"

कुन्थिया वह्या ठेवून तिच्याजवळ सरकली. पानावर शब्द होता, साधा, पायाखाली एक अक्षर घेऊन उभा. तिनं त्यावर नख टेकवलं.

"पुन्हा बघ," ती म्हणाली.

मालिसनं मान वर केली आणि आईच्या तोंडाकडे बघू लागली.